मुलांच्या फोनवर कोणतं पॅरेंटल कंट्रोल लावायचं: फॅमिली लिंक, स्क्रीन टाइम की विकतचं अ‍ॅप?

मे महिना जवळ आला की शाळेच्या पालक ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो, "मुलांच्या मोबाईलवर कंट्रोल ठेवायला चांगलं अ‍ॅप सुचवा प्लीज." मग खाली धडाधड नावं. एक जण म्हणतो फॅमिली लिंक घ्या, दुसरा म्हणतो ते फालतू आहे, पोरं काढून टाकतात, तिसरी ताई वर्षाचे पैसे भरून घेतलेल्या अ‍ॅपची लिंक टाकते, आणि कोणीतरी हळूच पर्सनलवर असं काहीतरी सांगतो की पोराला कळतच नाही म्हणे आणि त्याचे सगळे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आपल्याला दिसतात. या चौघांच्या घरची गोष्ट वेगवेगळी असते, म्हणून उत्तरंही वेगळी येतात.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाला वेळ नसेल तर इथेच थांबता येईल. बहुतेक घरांना पैसे भरायची गरज नाही. अँड्रॉइडवर गूगलचं फॅमिली लिंक, आयफोनवर अ‍ॅपलचा स्क्रीन टाइम, दोन्ही फुकट, आणि नीट लावले तर पुरतात. विकतचं अ‍ॅप एखाद्या ठराविक कारणासाठीच घ्यावं. आणि चोरून मेसेज वाचणारं अ‍ॅप अजिबात नको, त्याची कारणं पुढे सविस्तर आहेत.

आता ते "नीट लावले तर" म्हणजे काय, ते बघू.

तक्रार नेमकी काय आहे?

"मोबाईल फार बघतो" एवढ्यावर अ‍ॅप निवडता येत नाही. जरा खोदलं की त्याखाली पाचातलं एक काहीतरी निघतं. एक म्हणजे वेळ, रात्री बारापर्यंत रील्स चालू. दुसरं म्हणजे नको ते दिसणं. तिसरं पैसे, गेममध्ये डायमंड घेतले आणि आईच्या खात्यातून गेले. चौथं अनोळखी माणसं, गेमच्या चॅटमधून नाहीतर इन्स्टावरून बोलणारी. आणि पाचवं, क्लासला निघालेली मुलगी पोचली का. या पाचही गोष्टी एकच अ‍ॅप करतं असं जाहिरातीत असतं, प्रत्यक्षात प्रत्येकाचा एखाददुसरा हात मजबूत आणि बाकीचे लुळे. पैशांचा प्रश्न तर कुठल्याच मॉनिटरिंग अ‍ॅपने सुटत नाही, तो प्ले स्टोअर आणि यूपीआयच्या सेटिंगने सुटतो. म्हणून कागदावर लिहा, आपल्या घरात पहिल्या नंबरची तक्रार कुठली. दोन लिहिल्या तरी चालेल, पाच लिहू नका.

फोन कोणाचा आहे?

हा प्रश्न इंग्रजी लेखांमध्ये सहसा नसतोच कारण तिथे गृहीत धरलेलं असतं की पोराकडे स्वतःचा फोन आहे. आपल्याकडे निम्म्या घरांत फोन आईचा असतो, शाळेचा अभ्यास त्यावरच येतो, यूट्यूबही त्यावरच आणि गेमही त्यावरच. नाहीतर बाबांनी नवीन घेतला म्हणून जुना पोराला दिलेला, ज्यात अजून बाबांचंच गूगल अकाउंट चालू आहे. या दोन्ही ठिकाणी फॅमिली लिंक डाउनलोड करून काहीच होत नाही आणि मग लोक म्हणतात अ‍ॅप फालतू आहे.

फोन आईचाच असेल तर हे करा. प्ले स्टोअर उघडून वरच्या फोटोवर टॅप करायचं, सेटिंग्जमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करायचं, आणि पोराचं बोट त्या फोनमध्ये नोंदवलेलं असेल तर ते आधी काढायचं (बहुतेक नोंदवलेलं असतंच, बघा तपासून). मग फोनपे, जीपे आणि बँकेच्या अ‍ॅपला अ‍ॅपचं स्वतःचं लॉक लावायचं, यूपीआय पिन मुलाला ठाऊक असेल तर तो आजच बदलायचा, आणि यूपीआयमध्ये ऑटोपे (खात्यातून आपोआप पैसे कापले जाणं) नावाचा भाग उघडून तिथे कुठलं सबस्क्रिप्शन चालू आहे का ते बघायचं. लहान मुलाला यूट्यूबऐवजी यूट्यूब किड्स टाकून द्यायचं. आणि फोन हातात देताना अ‍ॅप पिन करून द्यायचं. अँड्रॉइडच्या सिक्युरिटी सेटिंग्जमध्ये अ‍ॅप पिनिंग किंवा स्क्रीन पिनिंग अशा नावाने ते असतं, ते चालू करून त्यातला बाहेर पडताना पिन मागायचा पर्यायही चालू केला की त्या एका अ‍ॅपमधून बाहेर पडायला पिन लागतो. शेवटचं, आईच्या यूट्यूबची वॉच हिस्टरी पुसून बंद करून ठेवली तर होमपेजवर शिफारशींचा जो पूर येतो तो जवळजवळ आटतो. आईला तिच्या रेसिपी शोधून बघाव्या लागतील, एवढा त्रास आहे. इतकं केलं की शेअर केलेल्या फोनचं बरंचसं काम झालं, वेगळं अ‍ॅप नको.

जुना फोन पोराच्या नावावर करायचा असेल तर अर्धवट काही करू नका, फोन पूर्ण फॅक्टरी रिसेट करा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा. फॅमिली लिंकखालच्या लहान मुलाच्या फोनवर दुसरं मोठ्या माणसाचं गूगल अकाउंट ठेवता येत नाही, आणि तेच बरोबर आहे, कारण ठेवलं तर पोरगं बाबांच्या अकाउंटवर उडी मारून सगळं उघडतं.

वयाची थाप

रिसेट केल्यावर मुलाचं गूगल अकाउंट बनवताना खरी जन्मतारीख टाका. भारतात १३ वर्षांखालच्या मुलाचं अकाउंट पालकांच्या अकाउंटला जोडलेलंच बनतं. बऱ्याच घरांत कोरोनाच्या वेळी ऑनलाइन शाळेसाठी घाईत अकाउंट काढलं, वय आडवं येत होतं म्हणून १९९५ साल टाकून दिलं, आणि तो मुलगा आज गूगलच्या लेखी तिशीचा गृहस्थ आहे. त्याला जाहिराती, व्हिडिओ, अ‍ॅप सगळं मोठ्या माणसाचं दिसतं. इन्स्टाग्रामचं तेच, गेमचंही तेच. वय खरं असेल तर निम्मे फिल्टर आपोआप लागतात, कोणी काही न करता. १३ ते १७ मधल्या मुलाच्या आधीच्या अकाउंटलाही नंतर फॅमिली लिंक जोडता येतं, फक्त त्यात मुलाची संमती लागते.

फॅमिली लिंक, पायरी पायरीने

तुमच्या फोनवर फॅमिली लिंक अ‍ॅप घ्या, तुमचा फोन आयफोन असला तरी चालतं. मुलाचा फोन मात्र अँड्रॉइड हवा (किंवा क्रोमबुक). मुलाच्या फोनवर सेटिंग्जमध्ये गूगल, त्यात पॅरेंटल कंट्रोल्स असा पर्याय आहे. शाओमी, विवो, सॅमसंग प्रत्येकाने तो थोडा इकडेतिकडे ठेवलाय, सापडला नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत टाइप करा. तिथून मुलाचं अकाउंट निवडा, मग तुमचं अकाउंट आणि पासवर्ड मागेल तो द्या. पासवर्ड टाकताना पोराला जवळ उभं करू नका, हसू नका, नऊ वर्षांची पोरं बोटांवरून पासवर्ड ओळखतात.

जोडणी झाली की तुमच्या फोनवरून चार गोष्टी लावायच्या, आणि याच क्रमाने लावा.

आधी झोपेची वेळ. रात्री साडेनऊ ते सकाळी सात फोन लॉक. दिवसाच्या मर्यादेआधी हे, कारण रात्रीचा मोबाईल हा सगळ्यात जास्त नुकसान करतो आणि यावर घरात वादही कमी होतो. लॉक असताना फोन आला तर उचलता येतो, त्यामुळे आजीचा कॉल येईल की नाही ही काळजी नको.

मग अ‍ॅपला परवानगी. प्ले स्टोअरमधून काहीही घ्यायचं तर तुमच्या फोनवर विनंती येईल असं ठेवा. विनंती आली की नावावर जाऊ नका, अ‍ॅप उघडून वयाचं रेटिंग आणि त्यात चॅट आहे का ते बघा. हा एक दरवाजा सांभाळला की बाकीचं निस्तरणं निम्मं होतं.

तिसरं, एकेका अ‍ॅपची मर्यादा. आख्ख्या फोनला दोन तास असं लावण्यापेक्षा यूट्यूबला ४५ मिनिटं, गेमला अर्धा तास असं लावलेलं मला जास्त पटतं. दिवसाची सरसकट मर्यादा लावली की पोरगं डिक्शनरी बघताना पण घड्याळ बघतं आणि मग सगळा वेळ गेममध्येच घालवतं कारण वेळ संपतोय ना. अभ्यासाची अ‍ॅप, डायलर (फोन लावायचं अ‍ॅप), गणिताचं काही असेल ते "नेहमी चालू" यादीत टाका. परीक्षेच्या आधी किंवा पाहुणे आल्यावर बोनस वेळ देता येतो, तो द्या, माणसासारखं वागा.

चौथं, क्रोम आणि सर्च. सेफसर्च (गूगलच्या शोधातली गाळणी) चालू, क्रोममध्ये अश्लील साइट अडवायचा पर्याय चालू. लहान मुलाच्या अकाउंटवर इनकॉग्निटो (काय बघितलं त्याची नोंद न ठेवणारी खिडकी) मुळातच नसतो. पण हा फिल्टर क्रोमपुरताच आहे. दुसरा ब्राउझर टाकला की तो उघडा, म्हणून बाकीचे सगळे ब्राउझर ब्लॉक करा, फोन कंपनीचा स्वतःचा जो आधीपासून येतो तो सुद्धा. हा राहिला की लोक म्हणतात फिल्टर चालत नाही.

लोकेशन चालू करायचं तर त्याच अ‍ॅपमध्ये दिसतं, मुलाच्या फोनचं नेट आणि बॅटरी चालू असेपर्यंत.

आता फॅमिली लिंक काय करत नाही. ते व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज दाखवत नाही, मुलाची स्क्रीन दाखवत नाही, अ‍ॅपच्या आत काय चाललंय ते सांगत नाही. इन्स्टाग्राम किती वेळ उघडं होतं ते कळेल, त्यात काय बघितलं ते नाही. आणि १३ वर्षं पूर्ण होताना गूगलकडून तुम्हाला आणि मुलाला दोघांनाही मेल येतो, अकाउंट स्वतः सांभाळण्याबद्दल. तो मेल न वाचता टाकून देऊ नका.

पोरांच्या पळवाटाही माहीत असू द्या. शाओमीसारख्या फोनमध्ये सेकंड स्पेस आणि ड्युअल अ‍ॅप असतं, सॅमसंगमध्ये सिक्युअर फोल्डर, काही फोनमध्ये गेस्ट युजर, म्हणजे त्याच फोनमध्ये दुसरा कप्पा किंवा अ‍ॅपची दुसरी प्रत. हे सगळं सेट करतानाच उघडून बघा आणि बंद करा. कधी मित्राच्या फोनवरून एपीके फाइल (प्ले स्टोअरशिवाय अ‍ॅप टाकायची फाइल) पाठवून गेम टाकतात, म्हणून अनोळखी ठिकाणची अ‍ॅप टाकायला बंदी आहे ना ते तपासा. आणि फोन कुठूनच आत जाऊ देत नसेल, म्हणजे नेट नाही आणि लॉक पडलंय, तर तुमच्या फॅमिली लिंकमध्ये पॅरेंट अ‍ॅक्सेस कोड असतो, तो नेटशिवाय चालतो. तो मुलाला कधी सांगू नका. तो बदलत राहतो, म्हणून लागेल तेव्हाच उघडून बघा.

यूट्यूबचा वेगळा विचार करा

लहान मुलांच्या घरात खरी लढाई इथेच असते. यूट्यूब किड्समध्ये वयाचे गट आहेत, चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ, नऊ ते बारा. त्याशिवाय एक चौथा पर्याय आहे, फक्त पालकांनी निवडलेले व्हिडिओ आणि चॅनल. हा पर्याय लोक वापरत नाहीत कारण सुरुवातीला अर्धा तास बसून यादी करावी लागते. मराठी घरांसाठी हाच सगळ्यात चांगला आहे असं मला वाटतं, कारण आपोआप निवडून येणाऱ्या गोष्टींत हिंदी आणि इंग्रजीचाच भरणा असतो, आणि मराठी बालगीतं, गोष्टी हव्या असतील तर त्या तुम्हालाच शोधून घालाव्या लागतात. या पर्यायात शोध बंदच असतो, म्हणून पोरगं त्या यादीबाहेर जातच नाही.

नऊ-दहाच्या पुढे मुलं यूट्यूब किड्सला "बाळांचं" म्हणून नाक मुरडतात. तेव्हा फॅमिली लिंकमधून मुख्य यूट्यूब देखरेखीखाली देता येतं, त्यात तीन पातळ्या आहेत, साधारण नऊच्या वरचं, तेराच्या वरचं, आणि प्रौढांचं सोडून जवळजवळ सगळं. पहिल्यापासून सुरुवात करा. कमेंट लिहिणं आणि व्हिडिओ टाकणं त्यात बंदच असतं. चॅनल ब्लॉक करता येतं, ऑटोप्ले बंद करता येतो, आणि ऑटोप्ले बंद करणं हे मला कुठल्याही टायमरपेक्षा जास्त उपयोगी वाटतं, कारण एक व्हिडिओ संपल्यावर निदान एक क्षण रिकामा मिळतो.

टीव्ही विसरू नका. फोनवर सगळं कडेकोट आणि हॉलमधल्या स्मार्ट टीव्हीवर बाबांच्या अकाउंटचं यूट्यूब उघडं, असं चिक्कार घरांत आहे. टीव्हीवर मुलांचं वेगळं प्रोफाइल करा, बाकी प्रोफाइलना पिन लावा.

आयफोन आणि आयपॅड

अ‍ॅपलचा स्क्रीन टाइम २०१८ पासून आहे आणि वेगळं काही घ्यावं लागत नाही. फॅमिली शेअरिंगमध्ये मुलाचं अकाउंट बनवा, मग तुमच्याच आयफोनच्या सेटिंग्जमधून सगळं लावता येतं. पालकाकडे आयफोन नसेल तर मुलाच्या फोनवर जाऊन पासकोडने लावावं लागतं, चालतं, पण कटकट आहे.

इथे तीन ठिकाणी लोक अडखळतात. पहिलं, स्क्रीन टाइमचा पासकोड फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवायचा असतो. दुसरं, अ‍ॅपची मर्यादा लावताना "मर्यादा संपल्यावर ब्लॉक करा" हे वेगळं बटण आहे, ते चालू नसेल तर मुलाला फक्त एक सूचना येते आणि तो ती बाजूला सारून पुढे चालू ठेवतो. तिसरं, कंटेंट अँड प्रायव्हसी मध्ये अ‍ॅप काढून टाकणं बंद करा, पोरं अ‍ॅप काढून परत टाकायचे खेळ करतात. तिथेच वेबसाठी प्रौढ साइट मर्यादित करा हे निवडलं की सफारीची प्रायव्हेट खिडकी पण बंद होते. आस्क टू बाय चालू ठेवा म्हणजे खरेदी तुमच्याकडे विचारायला येईल.

एक चांगली गोष्ट इथे आहे, कम्युनिकेशन सेफ्टी. नग्न फोटो आला किंवा पाठवायला लागला तर फोन तो धूसर करतो आणि मुलाला विचारतो. तपासणी फोनमध्येच होते, फोटो अ‍ॅपलकडे जात नाही.

घरात मुलाचा फोन आयफोन आणि तुमचा अँड्रॉइड असेल तर मात्र पंचाईत आहे. फॅमिली लिंक आयफोनवर लगाम घालू शकत नाही आणि स्क्रीन टाइम तुमच्या अँड्रॉइडवरून चालत नाही. विकतच्या अ‍ॅपचं खरं गिऱ्हाईक म्हणजे हेच घर.

लॅपटॉप असेल तर थोडक्यात: विंडोजवर मुलाचं वेगळं मायक्रोसॉफ्ट अकाउंट काढा, ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नसलेलं ठेवा, आणि मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टीमध्ये जोडा. वेब फिल्टर एज ब्राउझरवर चालतो आणि तो चालू केला की बाकीचे ओळखीचे ब्राउझर अडवले जातात. आठवड्याचा अहवाल मेलवर येतो. पुरे.

विकतची अ‍ॅप

कस्टोडिओ ही मूळ बार्सिलोनाची कंपनी, २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका कंपनीने घेतली. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक सगळ्यांवर एकाच पडद्यावर दिसतं, ही तिची खरी ताकद. एका डिव्हाइससाठी फुकट योजना आहे, आधी ती वापरून बघा. नॉर्टन फॅमिली वेबच्या बाबतीत आणि कुठल्या साइटवर काय बघितलं त्या नोंदींत चांगलं, पण मॅक चालत नाही. कॅस्परस्की सेफ किड्स स्वस्त म्हणून आपल्याकडे बरेच जण घ्यायचे, पण २०२४ मध्ये अमेरिकेने कॅस्परस्कीवर बंदी आणली आणि त्याच वर्षी गूगलने तिची अ‍ॅप प्ले स्टोअरवरून काढली, आता बाहेरून टाकावं लागतं. मुलाच्या फोनवर बाहेरून अ‍ॅप टाकायला बंदी असावी असं आत्ताच वर सांगितलं आणि लगेच स्वतःच बाहेरून टाकायचं, हे मला काही जमत नाही. बार्क नावाच्या अ‍ॅपची यूट्यूबवर खूप तारीफ दिसते, ते अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा मोजक्या देशांसाठी आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना ते मिळेल, पुण्या-नागपुरात त्याच्या मागे लागू नका.

पैसे भरायच्या आधी ट्रायलमध्ये तीन चाचण्या घ्याच.

पहिली, मराठीची. ही अ‍ॅप शब्द पकडून सूचना देतात, आणि आपली पोरं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात, अर्धं हिंदी, अर्धं गेमचं बोलणं. मुलाच्या फोनवर सर्चमध्ये इंग्रजी अक्षरांत दोन मराठी शिव्या आणि एखादं धमकीचं वाक्य टाकून बघा, सूचना येते का. नाही आली तर "एआय धोका ओळखतो" या जाहिरातीचे पैसे तुम्ही इंग्रजी बोलणाऱ्या मुलासाठी भरताय.

दुसरी, फोन रीस्टार्ट करून एक रात्र तसाच ठेवायची. शाओमी, रिअलमी, विवो, ओप्पो बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप मारून टाकतात. सकाळी कंट्रोल चालू आहे का बघा. नसेल तर त्या अ‍ॅपला ऑटोस्टार्टची परवानगी द्या आणि बॅटरीत "कुठलंही बंधन नाही" निवडा. फॅमिली लिंकला हा त्रास फारसा होत नाही कारण ते गूगलच्या स्वतःच्या सेवांमध्येच बसलेलं आहे.

तिसरी, काढून बघायची. पोराच्या जागी स्वतः बसा आणि पाच मिनिटांत ते अ‍ॅप बंद पाडायचा प्रयत्न करा. सेटिंग्जमधली अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी (तिच्या जोरावर ही अ‍ॅप स्क्रीनवर नजर ठेवतात) काढून बघा, व्हीपीएन (फिल्टरला वळसा घालून नेट चालवणारं अ‍ॅप) टाकून बघा. तुम्हाला जमलं तर त्याला आधीच जमलेलं असेल.

आयफोनवर विकतचं अ‍ॅप घेताना अपेक्षा कमी ठेवा. अ‍ॅपल बाहेरच्या अ‍ॅपला फार आत जाऊ देत नाही, २०१९ मध्ये तर अशी कितीतरी अ‍ॅप स्टोअरवरून काढली होती आणि नंतर नियम सैल केले. अँड्रॉइडवरही कॉल आणि एसएमएस वाचायची परवानगी गूगलने २०१९ पासून आवळली आहे, म्हणून एकाच अ‍ॅपची प्ले स्टोअरवरची आवृत्ती आणि कंपनीच्या साइटवरची आवृत्ती यांत फरक असतो.

लपून मेसेज वाचणारी अ‍ॅप

व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज वाटेत कोणी वाचू शकत नाही, ते एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असतात. मग ही अ‍ॅप वाचतात कशी? फोनच्या आत बसून. स्क्रीनवर जे उमटतं, नोटिफिकेशनमध्ये जे येतं, बोट कीबोर्डवर जे लिहितं, ते सगळं उचलतात आणि कुठल्यातरी परक्या सर्व्हरवर पाठवतात. म्हणजे तुमच्या मुलीचे फोटो, मैत्रिणीशी बोलणं, लोकेशन, आणि त्या फोनवर कधी ओटीपी आला तर तोही, अशा कंपनीकडे जातो की जिचा पत्ता सुद्धा धड नसतो. आणि हे फुटलेलं आहे. टीनसेफ नावाच्या अ‍ॅपमधून २०१८ मध्ये मुलांच्या अ‍ॅपल अकाउंटचे पासवर्ड उघडे पडले. एमस्पायचा डेटा एकापेक्षा जास्त वेळा बाहेर आला. स्पायफोनवर अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहक संरक्षण संस्थेने २०२१ मध्ये बंदीच घातली. लाइफ३६० हे लपून चालणारं नाही, साधं लोकेशनचं अ‍ॅप, पण तेही कुटुंबांचं लोकेशन विकत होतं असं २०२१ मध्ये उघड झालं.

गूगलचा नियम असा आहे की पालकांसाठीचं देखरेखीचं अ‍ॅप लपलेलं चालणार नाही, फोनवर त्याची खूण सतत दिसली पाहिजे. म्हणजे "मुलाला कळणारच नाही" असं जे अ‍ॅप म्हणतं ते प्ले स्टोअरचं नाहीच. ते टाकायला आधी प्ले प्रोटेक्ट (धोकादायक अ‍ॅप शोधणारी गूगलची तपासणी) बंद करायला सांगतात, तिथेच ओळखावं.

भारतात २०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ खालच्या सगळ्यांना मूल धरतो आणि कंपन्यांना मुलांचा माग काढायला, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई करतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. घरात आईवडिलांनी लावलेल्या लगामाला हा कायदा आडवा येत नाही, पण कंपनी निवडताना तिच्या प्रायव्हसी पानावर मुलांच्या डेटाबद्दल काय लिहिलंय ते वाचायला हे एक चांगलं निमित्त आहे.

मेसेज वाचण्यापेक्षा त्या त्या अ‍ॅपच्या आतले लगाम वापरा, ते फार चांगले झालेत. इन्स्टाग्रामची टीन अकाउंट भारतात फेब्रुवारी २०२५ मध्ये आली, अकाउंट आपोआप प्रायव्हेट, अनोळखी माणसाचा मेसेज बंद, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन शांत, आणि १६ खालच्या मुलाला यातलं काही सैल करायचं तर पालकांची परवानगी. पालक जोडले गेले तर गेल्या सात दिवसांत मूल कोणाशी बोललं ते दिसतं, काय बोललं ते दिसत नाही. माझ्या मते एवढंच दिसायला हवं. स्नॅपचॅटच्या फॅमिली सेंटरचंही साधारण तसंच. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये प्रायव्हसीत जाऊन ग्रुपमध्ये कोण टाकू शकतं ते फक्त कॉन्टॅक्टपुरतं ठेवा, अनोळखी कॉल शांत करा, प्रोफाइल फोटो कॉन्टॅक्टनाच दिसेल असं करा. दोन मिनिटांचं काम. बीजीएमआय या गेममध्ये १८ खालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा आणि पालकांचा ओटीपी आहे, फक्त पोराने वय खरं टाकलेलं हवं. परत तेच.

सगळ्या घराला एकच गाळणी

अ‍ॅपच्या खालची एक पायरी आहे, डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था. क्लाउडफ्लेअर कंपनीची २०२० पासून फुकट सेवा आहे जी अश्लील आणि व्हायरसवाल्या साइट उघडूच देत नाही. वायफाय राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या दोन चौकटीत १.१.१.३ आणि १.०.०.३ टाकायचं (इंग्रजी आकड्यांत), घरातला टीव्ही, लॅपटॉप, सगळ्यांना लागू. राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड मात्र बदला, तो डब्याखालीच छापलेला असतो. काही ब्रॉडबँडवाल्यांच्या राउटरमध्ये डीएनएस बदलू देत नाहीत, तेव्हा प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस असतं, तिथे family.cloudflare-dns.com असं सलग लिहायचं. हे मोबाईल डेटावरही चालतं. मोठं पोरगं ते शोधून बंद करू शकतं, आठ वर्षांचं नाही.

लावायच्या आधी सांगा

हे सगळं मुलाच्या समोर बसून लावा. "तुझ्या फोनवर हे आहे, मला एवढं दिसतं, एवढं दिसत नाही." सातवी-आठवीच्या मुलाशी तर वेळा त्याच्याशी ठरवून लावा, तो दहा म्हणेल तुम्ही नऊ म्हणाल, साडेनऊला तडजोड. आणि नियम घरालाही हवा. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे, तिथे २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास सगळ्या गावाचे टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायला सुरुवात झाली. भोंगा मोठ्यांनाही लागू होता, म्हणून ते चाललं. जेवताना बाबा रील बघतायत आणि पोराचा फोन लॉक, हे कुठलंच अ‍ॅप सांभाळू शकत नाही.

महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी म्हणा, दहा मिनिटं द्या. मुलाच्या फोनवर नवीन अ‍ॅप काय आलंय, फॅमिली लिंक अजून जोडलेलं आहे का, दुसरं अकाउंट घुसलंय का, ऑटोपे. मोठं होत जाईल तशी एकेक मर्यादा काढत जा, आधी वेळेची, मग वेबची, पैशांची सगळ्यात शेवटी. पंधरा-सोळाच्या मुलावर नऊ वर्षांच्या मुलाचे नियम ठेवले तर तो दुसरा फोन मिळवतो, आणि तो तुम्हाला माहीत नसतो.

आणि कधी काही वेडंवाकडं घडलंच, कोणी फोटोवरून धमकावतंय, पैसे मागतंय, तर फोन हिसकावून अ‍ॅप डिलीट करू नका. चॅटचे स्क्रीनशॉट, समोरच्याचं प्रोफाइल, नंबर जपून ठेवा, मग त्याला ब्लॉक करा. मुलाचाच उघडा फोटो असेल तर तो मात्र कोणाला फॉरवर्ड करू नका, नातेवाइकांना दाखवायला सुद्धा नाही, तो ज्या फोनवर आहे तिथेच ठेवून पोलिसांना दाखवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच, बाकी सायबर तक्रार सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर, आणि मुलाला कोणाशी बोलायचं असेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. हे दोन्ही नंबर त्याच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून द्या, आणि डायलर "नेहमी चालू" यादीत आहे ना ते परत एकदा बघा.